दुपारचा पहारा

मारुतीच्या देवळात सप्ताह बसला की उंद्रीत भांडायचीसुद्धा चोरी. भोंगा पहाटेपासून सुरू होतो, आणि त्याच्यावर आवाज चढवायचा तर माणसाची छाती पाहिजे. अन्नपूर्णाबाईंची तेवढी छाती होती. त्या रोज भांडत होत्या, आणि तेही खुद्द भोंग्याशीच.

त्या सकाळी प्रवचनकार महाराज रंगात आले होते. "मायबाप हो, माणूस थकते, बैल थकते, मोटार गरम होऊन बंद पडते. पन तो? सूर्यानं कधी रजेचा अर्ज देल्ला काय? जो थकत नाही, जो निजत नाही, त्याच्या पायाशी या..."

"त्याले काय झालं थकाले!" अन्नपूर्णाबाई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या. "त्याले कोनाची कूस बदलावी लागते? त्याले कोनाच्या घान झालेल्या चादरी धुवा लागते? एक दिवस ये म्हनावं आमच्या घरी. मंग पाह्यतो कसा थकत नाही ते."

एवढं सुनावून झाल्यावर त्यांनी पलंगावरच्या माणसाच्या खांद्याखाली एक हात घातला, कमरेखाली दुसरा. "वळा बरं जरा. हां. खिडकीकडं तोंड करा. लय दिवस झाले, भिताडच पाहून राह्यले तुम्ही."

इंद्रभान वळले नाहीत, वळवले गेले. हवेच्या गादीचा छोटा पंप कुरकुरला आणि पुन्हा आपल्या लयीत घरघरू लागला. पाठीला जखम होऊ नये म्हणून ही गादी मुलानं पुण्याहून पाठवलेली. तरी दर थोड्या वेळानं कूस बदलावीच लागे, दिवसाही आणि रात्रीही. अन्नपूर्णाबाईंची झोप म्हणजे दोन कुशींच्या मधली डुलकी.

हा माणूस असा पडून राहणारा नव्हता. गावाबाहेर नाल्याच्या कडेला त्यांचा भाजीचा मळा. वांगी भरून, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून इंद्रभान तांबडं फुटायच्या आत चिखलीच्या वाटेला लागायचे. आणि आवाज कसा? मळ्यातल्या विहिरीवरून त्यांनी हाक मारली की घरातली मांजर उठून बसायची. बायकोचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नाही. त्या पिढीत घेत नसत. हाक एकच: "आयकलं काय वं?"

"आयकलं, आयकलं! साऱ्या उंद्रीनं आयकलं!" अन्नपूर्णाबाई इकडून ओरडायच्या आणि भाकर बांधून निघायच्या.

तिसरा उन्हाळा होता हा. मेथीच्या वाफ्यात बसल्या जागी इंद्रभानांना लकवा आला. उजवं अंग गेलं आणि त्याच्याबरोबर वाचा गेली. "त्यांना समजतं सगळं," डॉक्टर म्हणाले होते. "बोलणं परत येईलही, नाहीही." अन्नपूर्णाबाईंनी त्यातलं 'येईलही' तेवढं पदरात बांधून घरी आणलं. तेव्हापासून त्या दोघांचं बोलणं एकट्या बोलत. स्वतः विचारायचं, त्यांच्या डोळ्यांत पाहायचं, त्यांच्या वतीनं उत्तर द्यायचं. फक्त 'आयकलं काय वं' त्यांनी त्यांच्या वतीनं कधी म्हटलं नाही. ते इंद्रभानांच्याच तोंडून यायला पाहिजे होतं.

फोन वाजला. प्रज्वल, त्यांचा एकुलता एक मुलगा. पुण्यात एका कंपनीत होता, बायको निवेदिताही तिथंच. बोली पुण्याची झाली होती, आणि लहानपणीची 'माय' आता 'आई' झाली होती.

"आई, काल्याच्या दिवशी सकाळी गाडी घेऊन पोचतो. बाबांना झोपवून नेता येईल अशी गाडी आहे. बाबांना ठेवायची ती संभाजीनगरची जागा निवेदितानं आणि मी स्वतः पाहिली. स्वच्छ आहे. चोवीस तास माणसं असतात."

"आन मी?"

"तू आमच्याकडे. दर रविवारी भेटायला जाऊ."

"रविवारी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "भाजीबाजारासारखं."

"आई, असं नको ना बोलू. होळीला काय झालं आठवतंय ना?"

आठवत होतं. आंघोळीला नेताना त्यांची कंबर लचकली आणि दोघंही न्हाणीत पडले. इंद्रभानांच्या कपाळाला खोक पडली. पाणी वाहत होतं आणि त्या त्यांच्या डोक्याखाली मांडी देऊन बसून होत्या, ना उठता येत होतं ना हाक मारवत होती. शेजारची छाया एका भिंतीपलीकडे शिवणयंत्र चालवत होती, तरी नाही मारली हाक. नवऱ्याला अशा उघड्या अंगानं कोणी पाहावं, हे त्यांच्या मनाला पटेना. रात्री मात्र फोनवर मुलापाशी त्या रडल्या होत्या, आणि ते रडणंच आता गाडी होऊन दाराशी येणार होतं.

"थकलीस गं तू," प्रज्वल हळू म्हणाला.

"मी काऊन थकन?" त्यांनी फोन ठेवला. नको म्हणायला कंबरेत बळ नव्हतं आणि हो म्हणायला तोंडात.

दुपार व्हायच्या आत मोतीरामबुवा आले. एसटीत ड्रायव्हर होते, आता सप्ताहाचे कारभारी. इंद्रभानांचे लहानपणचे दोस्त. आल्याआल्या पलंगाच्या कडेला बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "काय बे इंद्रभान, मस्त हवेच्या गादीवर लोळून राह्यला! इकडं आमचे पाय तुटून राह्यले उभ्यानं."

इंद्रभानांच्या डोळ्यांच्या कडा हलल्या. दोस्ताच्या शिवीला ते अजून हसत, तेवढ्याच भागानं.

"वयनी, अडचनीत आलो," मोतीरामबुवा म्हणाले. "दुपारच्या पहाऱ्याले मानूस नाही. सारं गाव कांद्याचे गोंडे तोडाले वावरात. बी झडून चाललं म्हंतात, त्यायचंबी खरं हाये. आता वीणा काय खुंटीवर टांगू?"

सप्ताहाचा नेमच तसा. वीणा एकदा गळ्यात पडली की सात दिवस ती जमिनीला टेकवायची नाही आणि नाम तुटू द्यायचं नाही. एकजण उभा राहून वीणा छेडत नाम घेतो, त्याची वेळ भरली की दुसरा समोर येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते. त्यालाच पहारा म्हणायचं. रात्रीचे पहारे पुरुषांचे, दिवसाचे बायकांचे. दुपारचा मात्र इंद्रभानांचा असे. पत्रा तापून वरून आग ओतत असते, ऐकायला कुत्रं नसतं. "आयकनारे असले की कोनीबी उभं राह्यते," ते म्हणायचे.

"तुम्ही उभ्या राहाल काय?" मोतीरामबुवांनी विचारलं. "त्याचाच पहारा हाये म्हना."

"यायले कोन पाहीन?"

"मी बसतो ना, काकू." दारातून आवाज आला. छाया हातात मापाची टेप घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती. ती नेहमी तिथंच उभी राहायची. "दुपारी माह्याकडं कोनी गिऱ्हाईक येत नाही."

अन्नपूर्णाबाईंच्या तोंडावर 'नको' आलंच होतं. पण इंद्रभान त्यांच्याकडे पाहत होते. काल्याला गाडी येणार. पुढच्या वर्षी हा पहारा कोणाचा म्हणून सांगायलाही इथं कोणी नसणार.

"कूस बदलजो," त्या छायाला म्हणाल्या. "पानी चमच्यानं देजो, घाई करजो नको. ठसका लागते."

मग पलंगाजवळ वाकल्या. "अवो, तुमच्या पहाऱ्याले चाल्ली मी."

देवळात गीताबाई उभी होती, घामानं निथळत. मांडवात दोन म्हातारे टाळकरी खांबांना टेकून डुलत होते आणि टाळ सवयीनं वाजत होते. पाया पडणं झालं. वीणा अन्नपूर्णाबाईंच्या खांद्यावर आली. हलकीच वाटली. दुधीभोपळ्याएवढा तर जीव तिचा. तार छेडली आणि त्यांनी नाम उचललं.

"रामकृष्णहरी... रामकृष्णहरी..."

समोर शेंदूर माखलेला मारुती हात जोडून उभा आणि त्याच्यामागे भिंतीवर रंगवलेले राम-सीता. अन्नपूर्णाबाईंनी रामाच्या डोळ्याला डोळा दिला. तोंडात नाम आणि मनात भांडण.

'तू थकत नाहीस म्हंतात. मीबी थकत नाही. पाहू आज कोन पहिले बसते ते. मी वीणा देनार नाही. दिवस मावळला तरी देनार नाही. तू फक्त त्यायचं तोंड उघड. एकदा. एकच वेळा आवाज देऊ दे मले. मंग नेऊ दे गाडीत घालून. मी काही बोलनार नाही.'

नवस असा केला आणि पाय घट्ट रोवले.

वेळ भरली. रुक्मिणीबाई पाय धुऊन, हळदकुंकू लावून, नवं लुगडं नेसून समोर आली. उशीर होऊ नये म्हणून वावरातून धावत आलेली, केसांत अजून कांद्याच्या फुलांची पांढरी पूड. ती वाकून पाया पडली, तिनं हात पुढे केले.

अन्नपूर्णाबाईंनी मान हलवली. "रामकृष्णहरी... रामकृष्णहरी..."

रुक्मिणीबाईला वाटलं, ही भान विसरली. ती पुन्हा पाया पडली, तिनं पुन्हा हात पुढे केले. पुन्हा मान हलली, यावेळी चांगली ठाम.

आता आली पंचाईत. वीणेपुढं नाम सोडून दुसरा शब्द बोलायचा नाही, नाम तुटायला नको आणि भांडण तर करायलाच पाहिजे. रुक्मिणीबाईनं मग चालीतच सुरू केलं.

"रामकृष्णहरी... द्या वो वीना... रामकृष्णहरी... माहा पहारा हाये..."

"रामकृष्णहरी!" अन्नपूर्णाबाईंचा आवाज चढला.

"सालभर वाट पाह्यली... रामकृष्णहरी... लेकीची सोयरीक मांगाची हाये मारुतीले... रामकृष्णहरी... असं काऊन करता वो बाई..."

डुलणारे टाळकरी टक्क जागे झाले. एकानं टाळ वाजवत वाजवतच दुसऱ्याला कोपर मारलं. गीताबाई पायऱ्यांवर पाणी पीत होती, ती तोंडाला पदर लावून हसता हसता मोतीरामबुवांना बोलवायला पळाली.

मोतीरामबुवा आले. अन्नपूर्णाबाईंना वाटलं, आता ओरडतील. ते मात्र चपला काढून समोर येऊन उभे राहिले आणि नामात आपला घोगरा आवाज मिसळला. त्यांच्या मागून रुक्मिणीबाईचा मिसळला, रुसलेला. अन्नपूर्णाबाईंच्या एकट्या आवाजाला खालून कोणीतरी टेकू दिल्यासारखं झालं, आणि टेकू मिळताच कळलं की आवाज कितीतरी वेळापासून फाटलेला होता.

वीणा आता दुधीभोपळा राहिली नव्हती. काठोकाठ भरलेला रांजण झाली होती. कंबरेतून सणक निघाली, ती टाचेपर्यंत गेली. रामाचे डोळे भिंतीवर तसेच उघडे होते. पापणी नाही, घाम नाही. 'बस म्हन की,' अन्नपूर्णाबाई मनात म्हणाल्या, आणि आपण हे कोणाला म्हणतोय तेच त्यांना कळेना. गुडघे वाकले.

वीणा मात्र जमिनीला टेकली नाही. मोतीरामबुवांचा हात तिच्या भोपळ्याखाली आधीच आलेला होता. रुक्मिणीबाईनं पट्ट्याखाली आपला खांदा सारला. आणि नाम? अन्नपूर्णाबाईंच्या तोंडातून 'रामकृष्ण' निघालं आणि 'हरी' रुक्मिणीबाईच्या तोंडातून. मध्ये श्वासाएवढीही फट पडली नाही.

अन्नपूर्णाबाई खांबापाशी खालीच बसल्या. मोतीरामबुवांनी त्यांना धरून मांडवाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत ओट्यावर आणलं आणि तांब्या हातात दिला. तिथं बोलायला मोकळीक होती.

"हरली मी," त्या म्हणाल्या.

"कोनाशी लावली होती?"

त्यांनी देवळाकडे बोट केलं.

मोतीरामबुवा हसले नाहीत. "वयनी, मी जालन्याची गाडी चालवत होतो. चिखलीले माही ड्युटी बदले. मी उतरो, दुसरा ड्रायवर चढे. पहिल्या पहिल्यानं लय जिवावर येत जाय. वाटे, ह्याले देऊळगाव राजाचा घाट जमन काय? माहे पासिंजर हायेत ना ते. मी उतरून फाट्यावर उभा राहून पाहत जावो, धूळ दिसे तोवर." त्यांनी घसा खाकरला. "गाडी रोज जालन्याले पोचली. मी चिखलीले उतरत होतो तरीबी पोचली."

"गाडीचं वेगळं हाये, भाऊजी. मी सोडलं तर त्यायले कोन पाहीन?"

"तुम्ही निजता तव्हा कोन पाह्यते?"

"मी निजतच नाही." अन्नपूर्णाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "मले भेव वाटते. मी निजली आन त्यायनं आवाज देल्ला तर? एकदाच देतीन, आन मले आयकू नाही आला तर?"

तीन उन्हाळे पोटात ठेवलेली गोष्ट अशी लिंबाखाली, मोतीरामबुवांच्या साक्षीनं बाहेर पडली. देवळात रुक्मिणीबाईचा राग उतरला होता, तिची चाल आता मोकळी लागली होती.

"इंद्रभान एक म्हनत जाय," मोतीरामबुवा म्हणाले. "वीना घेनं सोपं हाये बे मोत्या, देनं कठीन हाये. देताना असं वाटते की आपुन सोडली तर नाम बुडन. आता तुम्हीच पाहा, बुडलं काय?" त्यांनी कान देवळाकडे केला. "तो थकत नाही म्हून तं आपल्याले थकता येते, वयनी. तो जर का निजनारा असता, तं आपल्याले पाळीपाळीनं जागं राहा लागलं असतं. तो जागा हाये. तुम्हाले लाज कायची? त्याच्या दारात सारेच थकलेले येतात. न थकलेला आजलोक एकबी नाही पाह्यला मी."

"मंग माहा नवस?"

"नवस कशाचा? त्याच्याशी कुस्ती लावली तुम्ही. टेका जरा."

त्या लिंबाला टेकल्या. फक्त डोळे मिटायचे, एवढंच मनात होतं. नाम कानात चालू होतं. मग ते लांब गेलं, विहिरीवरून यावं तसं येऊ लागलं, आणि अन्नपूर्णाबाई झोपल्या. दोन कुशींच्या मधली डुलकी नव्हे ती. तळाला गेलेल्या घागरीसारखी झोप.

जाग आली तेव्हा लिंबाची सावली ओटा सोडून रस्त्यावर गेली होती. कोणीतरी त्यांच्या डोक्याखाली घडी केलेलं पोतं ठेवलं होतं. पहिली गोष्ट त्यांना ऐकू आली ती नाम. तेच, तसंच. आता तर रुक्मिणीबाईचाही आवाज नव्हता, तिसऱ्याच कोणाचा होता. त्या झोपल्या होत्या आणि ते चालू होतं. किती हातांतून गेलं असेल कोण जाणे.

दुसरी गोष्ट आठवली ती कूस. चपला तिथंच टाकून त्या घराकडे निघाल्या. धावता येत नव्हतं, तरी धावत होत्या.

घरात पंप घरघरत होता. इंद्रभान डाव्या कुशीवर होते, पाठीला उशी, अंगावर कोरी चादर. छाया पलंगाशी पाट घेऊन बसली होती आणि ब्लाउजला हुक लावता लावता त्यांना गावातल्या बातम्या सांगत होती. अन्नपूर्णाबाई उंबऱ्यावर धापा टाकत उभ्या राहिल्या, रोज छाया उभी राहायची त्याच जागी.

"चादर कोनं बदलली?"

"मी. घान झाली होती."

"तू? त्यायचं... सारं?"

"माह्या सासऱ्याचं पाच साल मीच केलं, काकू. तुम्हाले मालूम नाही काय?" छायानं दोरा दातानं तोडला. "तोंड पाहा कसं केलं! काका लाजले नाहीत, तुम्हीच लाजून राह्यल्या."

"मंग इतके दिवस काऊन नाही बोल्ली वं?"

"कव्हा बोलू? रोज येतो तं तुम्ही दारातच उभ्या. 'हाव बाई, सारं बरं हाये', आन दार लोटून घेता. भिंतीतून आयकू येत नाही काय मले? होळीच्या दिवशी तुम्ही पडल्या तो आवाज आयकला मी. दार वाजवलं. तुम्ही आतून म्हनल्या, भांडं पडलं."

अन्नपूर्णाबाईंना ते आठवलं. खरंच म्हणाल्या होत्या तसं. त्या आत आल्या, छायाच्या शेजारी खाली बसल्या आणि इंद्रभानांचा हात हातात घेतला. तो कोमट होता, नेहमीसारखा. त्या नसताना जगाचं काहीही अडलं नव्हतं. याचं वाईट वाटायला पाहिजे की बरं, ते त्यांना ठरवता येईना. थोडं वाईटही वाटलं.

"आवाज... देल्ला होता काय त्यायनं?" त्यांनी हळूच विचारलं.

छायानं सुई थांबवली. "नाही काकू."

काल्याच्या सकाळी गाडी दारात लागली. पांढरी, लांब, मागे झोपायची सोय असलेली. प्रज्वल उतरला, आईच्या पाया पडला आणि आत आला तर न्हाणीतून मोतीरामबुवांचा आवाज. ते आणि गीताबाईचा नवरा इंद्रभानांना खुर्चीवर बसवून आंघोळ घालत होते आणि मोतीरामबुवा दोस्ताला दम देत होते, "सरका बे जरा, मालक! एवढी हाडं कायले वाढवली?"

"हे काय चाललंय?" प्रज्वलनं विचारलं.

"पहारा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "सकाळी हे दोघं. दुपारी छाया. बाकीचा माहा."

प्रज्वल खुर्चीवर बसला. पोरगा वाईट नव्हता. रात्रभर प्रवास करून आला होता, डोळे लाल होते. "आई, किती दिवस येतील हे लोक? आज सप्ताह उठतो. दुपारी काला खाऊन सगळे आपापल्या वावरात. मग?"

हा प्रश्न खरा होता.

"नाही आले तं दुसऱ्याच्या दारात जाईन. बोलवीन. आजलोक मी कोनाले बोलवलंच नाही, बापू. भांडं पडलं म्हनत राह्यली." त्या त्याच्यासमोर बसल्या. "आन एक दिवस कोनीच नाही आलं, माही कंबरबी गेली, तं तूच घेऊन जाय. तव्हा मी अडवनार नाही. पन आज नको. मी थकली हाये, तू म्हनतं ते खरं हाये. थकली म्हून सोडून देनं वेगळं आन थकली म्हून दुसऱ्याच्या हाती देनं वेगळं."

"आणि तुझी झोप?"

"झोपतो आता. जागनारा हाये वर. त्याच्याशी भांडून पाह्यलं मी. तो काही निजत नाही." त्यांना हसू आलं आणि डोळ्यात पाणीही. "लय दिवस मले वाटलं, त्याचं काम मलेच करा लागते."

न्हाणीतून मोतीरामबुवा ओरडले, "अरे, कोनी हात लावता काय? दोघाइच्यानं उचलत नाही हा गडी!"

प्रज्वलनं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं, बाह्या वर केल्या आणि आत गेला. बापाच्या ओल्या पाठीमागे त्यानं हात घातले. लहानपणी त्याच पाठीवर बसून तो चिखलीच्या बाजारात फिरला होता. तेव्हा केवढी होती ती पाठ. "माय," त्यानं आतून हाक मारली, कितीतरी वर्षांनी, "टावेल देजो वं."

गाडीच्या ड्रायव्हरनं देवळात काल्याचा प्रसाद पोटभर खाल्ला आणि दुपारी गाडी रिकामी परत गेली. प्रज्वल दोन दिवस राहिला. न्हाणीच्या भिंतीत त्यानं धरायला लोखंडी दांडा बसवून घेतला, खुर्चीला चाकं लावली, आणि जाताना सकाळच्या आंघोळीसाठी अजून कोण कोण येईल ते मोतीरामबुवांशी बोलून गेला. महिन्यातून दोन दिवस तो स्वतः येणार होता. पहिल्या महिन्यात आला, दुसऱ्यात नाही जमलं, तिसऱ्यात आला. गीताबाईचा नवराही कधी येई, कधी नाही. तो नाही आला की अन्नपूर्णाबाई आता दारात उभं राहून सरळ हाक मारत, जो रस्त्यानं जाताना दिसेल त्याला.

अशाच एका दुपारी छाया आपलं हाताचं छोटं शिवणयंत्र घेऊन आली. भोंगा बंद होता. गावात सप्ताहाआधी असायची तीच, नेहमीची शांतता परतली होती. अन्नपूर्णाबाईंनी पलंगाशेजारी चटई टाकली, इंद्रभानांची कूस खिडकीकडे केली आणि खाली अंग टाकलं.

"अवो," त्या म्हणाल्या, "मी निजतो जरा. छाया हाये. तोबी हाये. तुम्हाले आवाज द्यावासा वाटला तं द्या. मी नाही आयकला तं हे दोघं आयकतीन. मंग उठवतीन मले."

इंद्रभानांचे डोळे वळले आणि खाली त्यांच्यापर्यंत आले. ओठांचा डावा कोपरा हलला. अन्नपूर्णाबाईंनी श्वास धरला. आवाज आला नाही.

त्यांनी श्वास सोडला आणि कान तसाच त्यांच्याकडे ठेवून डोळे मिटले. विहिरीवरून, मेथीच्या वाफ्यावरून, नाल्याच्या काठानं ती हाक कशी येत असे ते आठवत राहिल्या. पहिला शब्द कसा उंच जायचा, 'वं' कसं लांबायचं. पुऱ्या वाटेनं ती हाक घराशी आणता आणता त्यांना झोप लागली.

छायानं यंत्र बाजूला ठेवलं आणि हातशिलाई घेतली, खडखड नको म्हणून.